एक रथ, दोन प्रश्न

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं टिपण दोनदा वाचलं. डावीकडे हिंदू आणि बौद्ध विचारांतली साम्यं, उजवीकडे फरक, असा तक्ता नेटका झालाय. ‘कर्म’ आणि ‘पुनर्जन्म’ तू साम्यांत घातलेस, ‘आत्मा’ फरकांत. पण आत्मा नसेल तर पुन्हा जन्मतं कोण? हा प्रश्न तुझ्या तक्त्याच्या मधल्या रेघेवर येऊन बसलाय. सुरुवात तिथूनच कर.

त्यासाठी दोन्हीकडचा रथ शेजारी ठेवून बघ. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो : आत्मा हा रथी, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. लगाम ज्याच्या ताब्यात आहे तो विष्णूच्या परमपदाला पोहोचतो. म्हणजे रथात कुणीतरी बसलेलं आहे, आणि त्याला कुठेतरी जायचंय. आता ‘मिलिंदपञ्ह’ हा राजा आणि भिक्खू यांच्या संवादाचा पाली ग्रंथ उघड. राजा मिलिंद रथातून आलाय आणि भिक्खू नागसेन त्याला विचारतो : दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला ‘रथ’ हे नाव दिलंय, एवढंच. तसंच माणसाचं, असं नागसेन म्हणतो आणि त्याच्याही आधी हीच उपमा देणाऱ्या वजिरा भिक्खुणीची साक्ष काढतो. एका ठिकाणी विचारलंय, रथ हाकतो कोण? दुसरीकडे विचारलंय, रथ म्हणजे नेमकं काय? तुझ्या सगळ्या फरकांचं मूळ मला इथे दिसतं.

पुनर्जन्माचं उत्तरही नागसेनाकडेच मिळेल. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही, दुसरी म्हणता येत नाही. आत्मा मानणाऱ्याला जन्मोजन्मी टिकणारं काहीतरी हवं असतं. इथे नुसती सलगता पुरते. म्हणून ‘अनात्म’ म्हणजे मेल्यावर सगळं संपलं, असं लिहू नकोस. बुद्धांनी शाश्वतवाद, म्हणजे आत्मा कायम टिकतो हे मत, नाकारलं तसंच उच्छेदवाद, म्हणजे मेल्यावर सगळं संपतं हे मतही नाकारलं.

सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या माणूस ज्यांचा बनतो त्या पाच घटकांपैकी प्रत्येकाबद्दल बुद्ध म्हणायला लावतात : हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. उपनिषदातला याज्ञवल्क्य ऋषीही ‘नेति नेति’, म्हणजे ‘हे नाही, हे नाही’, म्हणतच जातो. पहिल्यांदा हे दोन उतारे एकापाठोपाठ वाचले तेव्हा मला दोघं एकच बोलताहेत असं वाटलं होतं. पण याज्ञवल्क्य सगळं नाकारतो ते न नाकारता येणारं हाती लागावं म्हणून. बुद्धांच्या उपदेशात नकारातून आसक्ती गळून पडते आणि मागे काही उरतं का, याचा दावाच केलेला नाही.

‘कर्म’ही दोन्ही रकान्यांत जाईल. वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना यज्ञकर्म अभिप्रेत असतं. बुद्ध म्हणतात, चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, मी कर्म म्हणतो. पण गीताही फळावरच्या आसक्तीकडे लक्ष वळवते, तेव्हा फार पक्की रेघ ओढू नकोस. ‘हिंदू ईश्वर मानतात, बौद्ध मानत नाहीत’ ही ओळ काढूनच टाक, हिंदू परंपरेतल्याच अभिजात सांख्यदर्शनात ईश्वराला जागा नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. ‘बौद्ध धर्म ही शेवटी हिंदू धर्माचीच शाखा’ हे तुझं वाक्य खोड. पुराणांनी बुद्धांना विष्णूचा अवतार केलं, हे खरं. पण बुद्धांनी वेदप्रामाण्य मानलं नाही, आणि जन्मानं कुणी हीन ठरत नाही, जन्मानं कुणी ब्राह्मणही ठरत नाही, असं वसलसुत्त या उपदेशात स्पष्ट सांगितलं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक हा अवतारवाद नाकारणारीच आहे. त्या लोकांनी धर्म बदलला तो माणूस म्हणून उभं राहण्यासाठी. त्यांच्या निर्णयाला ‘शाखा’ म्हणणं हा मला अन्याय वाटतो.

आणि म्हणून उलट टोकालाही जाऊ नकोस. घर सोडल्यावर सिद्धार्थ आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांना बौद्ध परंपरा ‘ब्रह्मविहार’ म्हणते, आणि पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादात त्याच चार, त्याच क्रमानं येतात. शेजारी राहून वाद घालणाऱ्यांची भाषा अशीच एकमेकांत मिसळते.

तेव्हा तक्ता तूर्त बाजूला ठेव. कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायातली तिसरी वल्ली (म्हणजे प्रकरण) आणि मिलिंद-नागसेन यांचा रथसंवाद एकाच बैठकीत वाच. जिथे मन एका बाजूला झुकेल तिथे समासात पेन्सिलीनं खूण कर, कारण लगेच शोधू नकोस. पुढच्या पत्रात त्या खुणांची पानं पाठव. मीही माझी जुनी प्रत काढून ठेवतो.