‘पोच मिळाली नाही’ म्हणणारा एजंट

प्रश्न : भाऊ, माझा एकच दहा चाकी ट्रक. मालक मी, ड्रायव्हरही मीच. गोव्यात वेर्ण्याहून भिवंडीला माल नेला. भाडं ३२ हजार ठरलं, २० हजार अ‍ॅडव्हान्स मिळाला. तिथं गोदामावर गाडी दोन दिवस खोळंबली, त्याचं हॉल्टिंग द्यायला एजंट तयार नाही. बॅलन्स मागितला की कधी ‘पोच (माल पोचल्याचा शिक्का मारलेला कागद) मिळाली नाही’, कधी ‘पार्टीनं, म्हणजे माल पाठवणाऱ्या कंपनीनं, पैसे सोडले नाहीत’. वर टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आगाऊ प्राप्तिकर, कापणार म्हणतो. तीन महिने झाले, आता फोनही उचलत नाही. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पत्र वाचलं आणि भिवंडीतला एक वॉचमन आठवला. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा माझा टिप्पर दोन पावसाळे साखळी गावात फणसाखाली उभा होता. शेवटी तो मिळेल त्या भावाला विकून बॉडीची गाडी घेतली. पहिलीच ट्रिप कुंडईहून भिवंडी. रात्री दोनला माल उतरला, वॉचमननं झोपेतच बिल्टीवर, म्हणजे माल नेण्याच्या कागदावर, शिक्का मारला आणि त्याच्याच ओल्या बोटानं तो फासला. नुसता जांभळा डाग. ‘शिक्का वाचता येत नाही’ म्हणून एजंटानं माझे नऊ हजार अडकवले, ते आजपर्यंत अडकलेलेच आहेत. तेव्हापासून फाटक सोडण्याआधी हेडलाइटच्या उजेडात पोचीचा फोटो काढतो आणि तिथूनच एजंटाला पाठवतो. गाडी आत कधी घेतली, बाहेर कधी सोडली, तेही बिल्टीवर लिहून घेतो. हॉल्टिंग मागायला दुसरा पुरावा नसतो.

टीडीएसचं आधी निकालात काढा. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असलेल्या मालकानं पॅनसह तसं लेखी दिलं, की भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. आजच लिहून द्या.

आता बॅलन्स. एजंटाला फोन लावत बसू नका. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मोबाइलवर असेलच. त्यावर तुमच्या गाडीचा नंबर आहे आणि माल कुणाचा तेही आहे. वेर्ण्याला त्या कंपनीच्या डिस्पॅचमध्ये जा. भांडायला नव्हे, या बिल्टीचे पैसे एजंटाला केव्हा दिले, एवढंच विचारा. बहुतेक वेळा पार्टीनं कधीच दिलेले असतात, असा माझा अनुभव. ती तारीख हाती आली की एजंटाला वकिलामार्फत नोटीस पाठवा. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात माल बुक करणारा ब्रोकरही येतो आणि त्याला नोंदणी लागते. नोटिशीत त्याचा नोंदणी क्रमांक मागा, आवाज बदलतो. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तीन वर्षं थांबू नका.

ट्रिपच्या आधी तुमची ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी झालेली असेल तर थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नंतर व्याज चढतं. नसेल तर पुढच्या ट्रिपांसाठी करून घ्या. ती फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

गोव्यातून सुटणारा माल कमी, येणारा जास्त, म्हणून इथून निघताना एजंटाची दादागिरी चालते. तरी ताडपत्री बांधण्याआधीच बोलायचं. त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघायचा : नाव तेच आहे का, नोंदणी चालू आहे का. अ‍ॅडव्हान्समध्ये जातानाचं डिझेल, टोल आणि रिकामं परतायचं डिझेलही निघालं पाहिजे. आणि बाजारापेक्षा दोन हजार जास्त देतो म्हणून संध्याकाळी तीनदा फोन करणाऱ्याचा माल मी घेत नाही. तो अ‍ॅडव्हान्सवरच भागवायचा हिशेब करून बसलेला असतो.

स्टॅम्पपॅडही आता केबिनमध्ये माझं मीच ठेवतो.