पेटीतला आंबा आणि फिल्टरपुढचा फोटॉन

प्रश्न : क्वांटम मापन, म्हणजे प्रकाशाच्या एका कणासारख्या सूक्ष्म गोष्टीचं मोजमाप, व्हायला पाहणारा माणूस लागतोच का? (देवगड)

नाही. डिटेक्टरमध्ये (कण टिपणाऱ्या उपकरणात) नोंद उमटली की मापन झालं.

प्रश्न : हापूसची पेटी उघडल्यावर आंबा पिकलाय का ते कळतं. मापनही तसंच ना, आधीच ठरलेलं? (रत्नागिरी)

हा गैरसमज दर महिन्याला येतो, म्हणून सविस्तर. आंब्याचं बरोबर आहे. पेटी बंद असली तरी तो पिकलेला किंवा कच्चा असतोच. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, हे लावलंत की अडतं. पोलरॉइडचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरचे) तीन तुकडे घ्या. पाण्यावरची तिरीप टाळायला मच्छीमार घालतात त्या गॉगलच्या काचाही चालतील, पण खात्री करा : कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर काच फिरवली की एका कोनात पडदा काळा पडला पाहिजे. दोन तुकडे काटकोनात धरा, जवळजवळ अंधार होईल. आता त्यांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांवर सरकवा. उजेड परत येतो! (तिसरा बाहेर धरलात तर काहीच होणार नाही; बहुतेकांचं इथेच चुकतं.) फिल्टर नुसती चाळण असती, तर आणखी एका चाळणीने माल वाढला असता का?

भरपूर उजेडात हे तरंगांनीही समजावता येतं. पण फोटॉन एकेक सोडला तर तो अर्धा पार होत नाही. पूर्ण जातो नाहीतर शोषला जातो. जाण्याची संभाव्यता म्हणजे फोटॉनच्या कंपनाची दिशा आणि फिल्टरची दिशा यांतल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग : ३० अंशांना ३/४, ४५ ला १/२. म्हणून पहिल्यातून निघालेल्यांपैकी १/२ × १/२, म्हणजे १/४ शेवटी पोचतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचा १९२६ चा नियम तो हाच. तरीही उत्तर आत दडलेलंच होतं म्हणायचं असेल, तर दूरवर तात्काळ होणारा परिणामही मानावा लागतो. हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं, आणि प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या प्रयोगांसाठीच होतं. लेझर वापरायचा असेल तर आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा.

प्रश्न : फोटॉनच्या १०० मोजण्यांत ५८ एका बाजूला आल्या. ५०-५० चुकलं? (चिपळूण)

नाही. १०० मध्ये ५ इतकं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची नेहमीची घटबढ, असतंच; तुमचा ८ चा फरक त्याच्या दुपटीच्या आत आहे. १०,००० मध्ये ५,८०० आल्या तर मात्र कोन तपासा, अंधारातली मोजणी (प्रकाश नसतानाही डिटेक्टर करतो ती) वजा केलीत का बघा, आणि वही घेऊन मार्गदर्शकांना भेटा.

प्रश्न : सांधेदुखीवर ‘क्वांटम लॉकेट’ घ्यावं का? (मालवण)

मुळीच नाही. क्वांटमचं नाव लावून विकलेल्या अशा काही लॉकेटांत किरणोत्सर्गी द्रव्य आढळल्याने नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा नियामकाने २०२१ मध्ये ती घालू नका असं बजावलं होतं. घेतलं असेल तर आजच काढा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. सांधे दुखतायत ना? मग दुखणं अंगावर न काढता याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.