स्वतःची स्टाईल सापडायला काय करावं?
चित्रांत आपली वेगळी स्टाईल कशी आणायची असं विचारलंय, तर आधी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची सुरुवातीची चित्रं बघा. १९४८ ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला त्या काळात ते मिनिएचरच्या (जुन्या भारतीय लघुचित्रांच्या) वळणाची माणसं काढायचे, मग पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराचा प्रभाव आला, पुढे आकृत्या हळूहळू गेल्याच आणि ब्रशऐवजी रोलर नि पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची पातळ सुरी) हातात आला, रंगाचे थर लावायचे, परत काढायचे, त्यातून तो आतून उजळल्यासारखा कॅनव्हास झाला. किती काय काय सोडलं बघा त्यांनी! तुम्ही पण आवडत्या चित्रकारांची कॉपी बिनधास्त करा, फक्त चार-पाच रंग आणि एकच विषय धरून महिनोनमहिने काढा. इन्स्टावरचा दर ट्रेंड पकडत बसू नका, प्लीज, त्यात हात बसतच नाही. जुनी कामं शेजारी शेजारी लावून बघा, जे सारखं सारखं येतंय ते वाढवा.