त्याच्या जागी काय?

चिरंजीव डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

डिमेन्शिया झालेल्या तुझ्या वृद्ध रुग्णाचे क्वेटियापीन हे अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरचे औषध) तू ‘ब्लॅक बॉक्स वॉर्निंग’, म्हणजे औषधाच्या माहितीपत्रकातला चौकटीतला गंभीर इशारा, पाहून बंद केलेस, रात्रीच्या आरडाओरड्यासाठी व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे औषध सुरू केलेस, आणि आता लिहितोस की मनाची टोचणी गेली, पण केले ते योग्य की नाही हे कळत नाही. न कळण्याबद्दल माझी तक्रार नाही. टोचणी गेली, याबद्दल आहे. या तक्रारीसाठी पहिले औषध जितके ऑफ-लेबल, म्हणजे अधिकृत मान्यतेबाहेरचे, होते तितकेच दुसरेही आहे, आणि चौकटीतला इशारा व्हॅल्प्रोएटवरही आहेच: यकृत, स्वादुपिंड आणि गर्भावरील परिणामांचा. तो तू वाचला नसावास. शिवाय डिमेन्शियातल्या अस्वस्थतेवर व्हॅल्प्रोएटचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांतून पुरेसे स्पष्ट झालेले आहे.

औषध बंद करण्याआधी त्याच्या जागी काय येणार, हे केस पेपरवर लिही. माझे सांगणे एवढेच आहे, आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत मी सांगणार आहे.

इशारा कुठे उमटतो, ते पाहा: जिथे झडती घेतलेली असते तिथे. एप्रिल 2005 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक औषधांबद्दल तो दिला, कारण डिमेन्शियाच्या वृद्धांवर प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना करणाऱ्या 17 चाचण्या हाताशी होत्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत सुमारे 4.5 टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत सुमारे 2.6 टक्के मृत्यू दिसले. बहुतेक हृदयविकाराचे किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाचे. म्हणजे पन्नासेक रुग्णांमागे एक जादा मृत्यू. हा आकडा लहान नाही आणि मी तो लहान करून सांगणार नाही. पण जुन्या पिढीतल्या हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकवर त्या दिवशी तशी चौकट नव्हती, म्हणून माझ्या आसपासचे कित्येक जण निर्धास्तपणे तिकडे वळले. जून 2008 मध्ये, निरीक्षणात्मक अभ्यासांच्या आधारे, तोच इशारा जुन्या औषधांनाही लागला. मधल्या तीन वर्षांत हॅलोपेरिडॉल सुरक्षित नव्हते, त्याची कोणी पुरेशी झडती घेतली नव्हती. चौकट नसणे म्हणजे धोका नसणे, असे धरून चालणाऱ्या डॉक्टरची मला धोक्यापेक्षा जास्त भीती वाटते.

मुलांच्या नैराश्याचेही तसेच झाले. ऑक्टोबर 2004 मध्ये नैराश्यावरच्या औषधांबद्दल तसाच इशारा आला तेव्हा मुलांसाठी मान्यता त्यांतल्या फक्त फ्लुओक्झेटिनला होती. बाकीचा वापर ऑफ-लेबल होता. चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि प्लासिबोवर 2 टक्के होते. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. इशाऱ्याचा रोख मुलावर जवळून लक्ष ठेवण्याकडे होता. प्रत्यक्षात प्रिस्क्रिप्शन्स घटली, नैराश्याचे निदान होणेही घटले, ज्यांच्याबद्दल इशारा नव्हताच त्या प्रौढांतही वापर कमी झाला, आणि तपासणीच्या भेटी मात्र वाढल्या नाहीत. गोळी गेली, तिच्या जागी काय आले? बहुतेकांच्या बाबतीत काहीच नाही.

कधी ‘काहीच नाही’ हेच बरोबर उत्तर असते, हेही मान्य करतो. अकाली प्रसूतिकळा दीर्घकाळ थोपवण्यासाठी टर्ब्युटालिन या दम्याच्या औषधाची इंजेक्शने ऑफ-लेबल दिली जात. 2011 मध्ये त्यावर चौकट आली, कारण आईच्या हृदयाला धोका होता, मृत्यूही झाले होते, आणि इतके दिवस देण्याचा फायदा सिद्ध नव्हता. तिथे हात आखडणे योग्यच होते. पण ‘काहीच नाही’ हेसुद्धा विचार करून लिहायचे असते.

माझ्या हट्टाबद्दल तू इतरांकडून ऐकले असशीलच. मी काम करत होतो त्या ठिकाणी अँटिसायकोटिक औषधे सरसकट थांबवण्याचा आदेश निघाला, तेव्हा मी एका रुग्णाचे औषध चालू ठेवले आणि काय काय करून पाहिले, डोस किती, नातेवाईकांना काय सांगितले, कधी थांबवणार, हे सगळे कागदावर लिहिले. मला अहंकारी म्हटले गेले. असेनही. पण ज्यांना त्या आदेशानंतर झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्या कागदावर कारणाची एक ओळ नव्हती, आणि त्या गोळ्यांनी वृद्ध माणसे पडतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नियम मी मोडला असेल, पण जबाबदारी कुणाच्या गळ्यात टाकली नाही, असे मी आजही म्हणेन.

आणखी एक. 2023 मध्ये ब्रेक्सपिप्राझोल या अँटिसायकोटिकला अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी एफडीएची मान्यता मिळाली आणि मृत्यूची तीच चौकट त्यावर कायम आहे. तेव्हा मान्यता आहे की नाही आणि धोका आहे की नाही, या प्रश्नांची गल्लत करू नकोस.

आता उद्याच्या राउंडला रुग्णाला दुखते आहे का, बद्धकोष्ठता आहे का, लघवी तुंबली आहे का, हे आधी पाहा. आरडाओरड्याचे मूळ तिथेच सापडणे नवलाचे नाही. सापडले नाही आणि रुग्णाला किंवा इतरांना खरोखर इजा होण्याची वेळ आली, तर नातेवाईकांना तो पन्नासातला एक समजावून सांगून अँटिसायकोटिक कमीत कमी डोसमध्ये दे; चार आठवड्यांत फरक पडला नाही तर कमी करत थांबव, आणि पडला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहा. व्हॅल्प्रोएटचे काय ठरवलेस आणि त्याच्या जागी काय लिहिलेस, ते कळव.

तुझा,
जुना मास्तर