मनातलं विचारा : पिक्चर बघताना रडू आवरत नाही

या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयाची निघाली म्हणून चारही एकत्र घेतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, इंदूरला सुदामा नगरमध्ये राहते, आयटीत जॉब आहे. साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात. मला लव्हस्टोरीवाले दुःखी पिक्चर बघताना खूप रडू येतं, म्हणजे नुसते डोळे पाणावतात असं नाही, हुंदके येतात. परवा होणाऱ्या नवऱ्यासोबत पिक्चरला गेले होते. त्यात ती सोडून गेलेली असते आणि तो सकाळी उठून सवयीने दोन कप चहा करतो, दुसरा कप ओट्यावर तसाच राहतो, त्यावर साय धरते, बस एवढंच दाखवलंय, पण माझं जे सुरू झालं ते पिक्चर संपेपर्यंत थांबलंच नाही. तो आधी म्हणाला अगं पिक्चर आहे तो, मग हसायला लागला, आणि नंतर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत त्याच्या घरचे सगळे भेटले तर त्याने सगळ्यांसमोर माझी नक्कल करून दाखवली. त्याची आई म्हणाली, एवढी हळवी असून कसं निभेल गं तुझं. मला काही प्रॉब्लेम आहे का? डॉक्टरला दाखवू का? की त्याच्यासोबत असले पिक्चर बघायलाच जाऊ नको?

उत्तर : अगं, तुला काहीही झालेलं नाही. पिक्चर बघून रडू येणं हा आजार नाही, त्याला औषध नाही आणि ते नकोच. तू नोकरी करतेस, घर सांभाळतेस, पिक्चर संपला की थोड्या वेळाने जेवायलासुद्धा गेलीस, मग निभायचं राहिलं काय?

आधी शरीराचं सांगते. डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला अश्रूंची ग्रंथी असते. कांदा चिरताना तीच काम करते आणि मन भरून आल्यावरही तीच, फक्त हुकूम वेगळ्या ठिकाणाहून येतो. आलेलं पाणी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात तिथून नाकात उतरतं, म्हणून रडलं की नाक वाहतं, आणि तिथे मावेनासं झालं की गालावर येतं. घशात जो गोळा येतो ना, तो काही अडकलेला नसतो, भावना अनावर झाली की जास्त हवा जावी म्हणून घशाचं दार उघडं राहायला बघतं आणि आपण त्याच वेळी आवंढा गिळायला जातो, त्या ओढाताणीने तसं वाटतं. व्हॉट्सॲपवर फिरत असतं की रडल्याने शरीरातलं विष निघून जातं, ते मात्र सिद्ध झालेलं नाही, त्यावर जाऊ नकोस.

आता तो चहाचा कप. तू लिहिलंयस ना की बस एवढंच दाखवलंय, पण तेवढंच तर खरं असतं. पडद्यावर माणूस मरताना आपण कधीकधी कोरडे बसतो आणि अशा एखाद्या बारक्या सवयीपाशी बांध फुटतो, कारण मरण मोठं असतं पण चहा आपल्या ओट्यावरचा असतो. नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठातले आद फिंगरहुट्स नावाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी रडण्याचाच अभ्यास केलाय, ते सांगतात की मोठ्या माणसांच्या रडण्याच्या मुळाशी बरेचदा हतबलता असते, म्हणजे काहीतरी व्हायला हवं असतं आणि आपल्या हातात काहीच नसतं. थिएटरात तर हे पुरेपूर असतं. ती का गेली हे तुला माहीत आहे, त्याला माहीत नाही, आणि तू खुर्चीतून उठून त्याला सांगू शकत नाहीस. वर अंधार, मोठ्ठा चेहरा, वाजणारं संगीत. रडू येणारच.

आणि 'पिक्चर आहे तो' ह्या वाक्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ते आपल्याकडे फार जुनं आहे. आठव्या शतकातला भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरचा, त्याचं उत्तररामचरित हे नाटक. पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवतो, तेव्हाचा पिक्चरच म्हण. शूर्पणखेचं चित्र आलं की सीता घाबरते, आता ताटातूट होणार असं तिला वाटतं, आणि राम तिला म्हणतो, अगं विरहाला भ्यालेले, हे चित्र आहे. हुबेहूब तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं वाक्य! सीता काय म्हणते, तर चित्र असू दे नाहीतर काही असू दे, दुष्ट माणूस त्रास देतोच. मग गंमत अशी होते की थोडं पुढे सीतेचं हरण झाल्यानंतरचं चित्र येतं, आणि त्यात लक्ष्मण सांगतो की तुमची तिथली अवस्था बघून दगडसुद्धा रडेल, आणि रामाच्याच डोळ्यांतून तुटलेल्या मोत्यांच्या सरासारखं पाणी ओघळायला लागतं. सीता शेजारीच बसलीय, सगळं सुखरूप आहे, तरी. आता रामाला हळवा म्हणून हसणारा कोणी आहे का?

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रातही अश्रू आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणांमध्ये धरलेत, घाम आणि रोमांच यांच्याच रांगेत, त्यात कमीपणाचं काही नाही. होणाऱ्या सासूबाईंनाही हे कळण्यासारखं आहे. कीर्तनात हरिश्चंद्र-तारामतीचं आख्यान रंगलं की बायका पदर लावतात, पुरुष उपरण्याने डोळे पुसतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की ह्यांचं कसं निभेल. आपल्या इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला शेवटच्या अंकात आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज येतात आणि बाहेर पडताना लोक म्हणतात, काय सुंदर प्रयोग झाला! मग मल्टिप्लेक्समध्ये तोच ओलावा कमकुवतपणा कसा होतो, मला खरंच समजत नाही.

तो हसला त्याचं मला फारसं वाटत नाही, शेजारचं माणूस हुंदके द्यायला लागलं की काही लोक गडबडून हसतात. पण चारचौघांत नक्कल केली ते चुकलंच, आणि ते त्याला सांगायला हवं. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी नको, फोनवर मेसेज टाकून तर अजिबातच नको, एखाद्या सकाळी पोहे खाताना शांतपणे सांग की मला रडू आलं तर तू रुमाल दे, हात धर किंवा नुसता गप्प बस, पण हसू नकोस आणि ते घरच्यांना दाखवायची गोष्ट करू नकोस. हे मी नुसतं लाडाने सांगत नाहीये. फिंगरहुट्स आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना त्यांच्या रडण्याबद्दल विचारलं होतं, तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की रडून हलकं वाटणं हे बरंचसं आजूबाजूच्या माणसांवर असतं, कोणी आधार दिला तर बरं वाटतं, लाज वाटली किंवा रडू दाबावं लागलं तर उलट जास्त खराब वाटतं. म्हणजे त्या रात्री तुला जे वाईट वाटत राहिलं ना, त्यात पिक्चरचा वाटा थोडा आणि छप्पनचा जास्त.

पिक्चर सोडू नकोस. त्याच्यासोबतच जा. पुढच्या वेळी तो काय करतो ते लग्नाआधी कळलेलं चांगलं, आणि मला वाटतं तो शिकेल, न शिकण्याइतकं अवघड काही तू मागत नाहीयेस. फक्त शो सुटल्याबरोबर स्कूटी चालवू नकोस, डोळे चुरचुरत असतात, चेहऱ्यावर पाणी मार, दोन घोट पाणी पी, मग निघ.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, निवृत्त, तिलक नगरला मुलगा-सुनेकडे असतो. पत्नी दीड वर्षापूर्वी गेली. तरुणपणी आम्ही रीगलला पुष्कळ सिनेमे बघितले, ती रडायची, मी कधीच नाही. आता रात्री टीव्हीवर जुना प्रेमाचा सिनेमा लागला की माझे डोळे वाहू लागतात. एकदा सून पाणी प्यायला उठली तिने बघितलं. तेव्हापासून मुलगा म्हणतो बाबा असलं बघू नका, बीपी वाढेल. रिमोटच उचलून ठेवतो. मला तर रडून झाल्यावर झोप बरी लागते. हे तब्येतीला वाईट आहे का?

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं पत्र मी परत परत वाचलं. नाही, वाईट नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की झोप बरी लागते, आणि ते अभ्यासाशी जुळतंही. मी वर ज्यांचं नाव घेतलं त्याच फिंगरहुट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० जणांना दुःखी सिनेमे दाखवले, २८ जण रडले. रडलेल्यांचा मूड सिनेमा संपल्या संपल्या घसरला, वीस मिनिटांत परत पहिल्यासारखा झाला आणि दीड तासाने तर सिनेमाच्या आधी होता त्यापेक्षाही चांगला झाला. म्हणजे रडल्याबरोबर लगेच बरं वाटत नाही, मध्ये थोडा वेळ जावा लागतो. तुमच्या सुनेने तुम्हाला त्या पहिल्या पाच मिनिटांत बघितलं असेल म्हणून मुलगा घाबरला.

काका, तुम्ही सिनेमातल्या नायिकेसाठी रडत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या पिढीतल्या पुरुषांना घरात बसून, सगळ्यांदेखत, बायकोचं नाव घेऊन रडायची सोयच कुठे होती हो? तेराव्यापर्यंत येणाऱ्यांना चहा विचारायचा, मग कागदपत्रं, बँक, पेन्शन, आणि तोपर्यंत सगळे म्हणतात आता सावरा. मग रात्री अकरा वाजता टीव्हीपुढे जे येतं ते येतं. येऊ द्या. रडताना छाती धडधडते, ती थोड्या वेळाने शांत होते, बीपीची गोळी नियमित चालू असेल तर ह्यासाठी घाबरायचं कारण नाही. छातीत दुखलं, दम लागला तर मात्र रडणं असो-नसो, ताबडतोब डॉक्टर.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. सिनेमा नसतानाही दिवसभर उदास वाटतंय, जेवण जात नाही, झोप उडाली, कशातच मन लागत नाही आणि हे रोज असं दोन आठवडे चाललंय, तर ते डिप्रेशन असू शकतं, त्यावर चांगले उपचार आहेत. सरकारची टेलीमानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मोफत आहे आणि चोवीस तास चालते. दुसरं, आत काही वाटत नसताना अचानक रडू फुटणं आणि ते थांबवता न येणं, विशेषतः पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाला, हे मेंदूशी संबंधित असू शकतं, तेव्हा न्यूरोलॉजिस्टला दाखवावं. तुमच्या पत्रात ह्यातलं मला काही दिसलं नाही.

मुलाला हे पान वाचायला द्या. बाळा, तुझी काळजी खरी आहे पण रिमोट परत दे, आणि एखाद्या रात्री बाबांशेजारी बस. काही बोलायची गरज नाही. बसलास तर कदाचित ते सांगतील की हा सिनेमा रीगलला बघितला तेव्हा तुझ्या आईने कुठली साडी नेसली होती, बाल्कनीचं तिकीट की खालचं, इंटरव्हलमध्ये काय खाल्लं. हे सांगणारं आता घरात दुसरं कोणी नाही.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा. सुट्टीत सगळी भावंडं जमली होती, एक लव्हस्टोरी बघत होते, शेवटी हिरो मरतो तर हा रडला. भावंडं म्हणाली लडकी है क्या. तेव्हापासून असा सीन आला की उठून आत जातो. काय करू?

उत्तर : ह्या वयाला हेच होतं हो. अगदी लहानपणी मुलगे आणि मुली जवळपास सारखेच रडतात, फरक पडायला लागतो तो दहा-अकराच्या पुढे. त्यात शरीरातले बदल असतात पण चिडवणंही असतंच, आणि चिडवणं आपण थांबवू शकतो. पण हे तुम्ही एकट्याने समजावून होणार नाही, आईने सांगितलं तर त्याला वाटेल आई म्हणून सांगतेय. त्याच्या वडिलांनी सांगायला हवं, की मलाही अमुक सिनेमात रडू आलं होतं. खरं असेल तरच सांगा, मुलांना खोटं लगेच कळतं. वडील नसतील तयार तर मामा, काका, क्रिकेटचे सर, त्याला आवडणारा कोणीही मोठा पुरुष चालेल. आणि त्या भावंडांनाही नीट बसवून सांगा की ह्या घरात असं बोलायचं नाही. तो आत उठून गेला तर हाका मारून परत बोलावू नका.

प्रश्न : माझं उलट आहे. मला कुठल्याच सिनेमात रडू येत नाही. बायको म्हणते तुम्ही दगड आहात. माझ्यात काही कमी आहे का? (वय ४१, मल्हारगंज)

उत्तर : काहीही कमी नाही. वर लिहिलेल्या प्रयोगात ६० पैकी ३२ जण रडलेच नव्हते, म्हणजे अर्ध्याहून जास्त, आणि त्यांच्या मूडमध्ये सिनेमाने फारसा फरकही पडला नाही. रडू न येणं म्हणजे वाटत नाही असं नसतं. तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की दुःखी सिनेमा असला की तुम्ही न सांगता बायकोसाठी जास्तीचा रुमाल खिशात ठेवता आणि शो सुटल्यावर ती सावरेपर्यंत पार्किंगमध्ये गाडी चालू करत नाही. वहिनी, हे दगडाचं काम नाही हो. ह्याच पानावर पहिलं पत्र लिहिणारी मुलगी नेमकं एवढंच मागतेय.