२१४७४८३६४७ खरंच मूळ संख्या आहे का?

तुम्ही विचारलंय की गेममध्ये स्कोअर २१४७४८३६४७ वर जाऊन अडकतो, ही मूळ संख्या आहे असं कुठेतरी ऐकलंय, ते खरं का आणि कॉम्प्युटर नव्हते तेव्हा कुणाला कसं कळलं. हो, मूळच आहे, आणि माझी फार आवडती संख्या आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोनाचा ३१ वा घात वजा एक म्हणजे ही संख्या. गेम स्कोअर ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत साठवतो, त्यांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो, बाकीच्या ३१ जागी सगळे एक भरले की हीच येते, म्हणून स्कोअर पुढे सरकत नाही. पण त्यामुळे ती मूळ झाली असं नाही हं, १६ बिटवाली ३२७६७ घ्या, तिला सरळ ७ ने भाग जातो, ६४ बिटवालीलाही जातो. घात ३१ हा स्वतः मूळ आहे म्हणून इथे निदान आशा होती, खात्री तरीही नाही, कारण ११ मूळ असूनही दोनाचा ११ वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ती निघते २३ × ८९.

आता या २३ आणि ८९ कडे नीट बघा. एकेक कमी केला की २२ आणि ८८, दोघांनाही ११ च्या दुपटीने भाग जातो. हे नेहमीच होतं. म्हणजे आपल्या संख्येला मूळ भाजक असलाच तर तो ६२ च्या पटीपेक्षा एकने मोठा असणार, शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरणार. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात! भाजक वर्गमूळापर्यंतच शोधावे लागतात, ते आहे ४६३४० च्या जरासं पुढे, तिथपर्यंत एरवी साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, आता शंभरसुद्धा भरत नाहीत. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हेच कळवलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये, आणि तेव्हा त्याची नजर जवळपास पूर्ण गेली होती. मला हे वाचलं तेव्हा किती वेळ दुसरं काही सुचेना.

मी वही घेऊन बसलो तर २००० च्या आत अशा मूळ संख्या फक्त तीनच सापडल्या, ३११, १३०३ आणि १४८९, मधल्या ५५९, १२४१ वगैरे आपोआप गळतात कारण त्या मूळ नाहीत (५५९ म्हणजे १३ × ४३). भागाकार केले, बाकी आली ३५, २२६ आणि १९९. एका पानात मावलं सगळं. तुम्हीही ३११ पासून सुरू करा, कॅल्क्युलेटर चालेल, पण यादी मात्र हाताने काढा.