चेंडू येण्याआधीची धाव

वेंगुर्ले

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या फुटबॉल क्लबकडून तुला ट्रायलचे, म्हणजे निवडचाचणीचे, बोलावणे आल्याचे तुझ्या आईने फोनवर सांगितले आणि त्याच दमात विचारले, "गोल मारता येतात तिला, पण त्यावर पोट भरेल काय?" दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते आईलाही वाचून दाखव.

मागच्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी शिरोड्याच्या किनाऱ्यावर तुमचा सराव पाहायला मी आले होते. सराव संपवून तुम्ही सगळ्याजणी शहाळी प्यायला गेलात आणि मी मात्र ओल्या वाळूवरचे तुझे पायठसे बघत राहिले. ते एकजात सरळ, थेट गोलच्या दिशेने गेलेले होते. मैत्रिणीचा पाय चेंडूला लागायच्या आधीच तू सुटत होतीस. खऱ्या सामन्यात त्यातल्या निम्म्या वेळा तरी ऑफसाइडचा, म्हणजे बचावाच्या ओळीपलीकडे तू आधीच पोहोचल्याचा, झेंडा वर गेला असता. ऑफसाइड ठरते ती चेंडू तुझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा नव्हे, तर पास दिला जातो त्या क्षणी तू कुठे आहेस त्यावरून, हे नियमात स्वच्छ लिहिलेले असूनही कित्येक जणींच्या पायांत ते उतरत नाही. म्हणून आधी डिफेंडरच्या, म्हणजे समोरच्या बचाव करणाऱ्यांच्या, ओळीला समांतर, आडवे धावायचे, नजर पास देणारीवर ठेवायची, आणि तिने मान वर करून पाय मागे घेतला की मगच गोलकडे वळायचे. अशा धावेचा माग कोयतीच्या पात्यासारखा वाकलेला उमटतो. तुझ्या ठशांत मला एकही कोयती सापडली नाही. आमचे जुने प्रशिक्षक ओरडायचे, "बॉल खंय येतलो तां आधी बघ, मगे धाव!" तेव्हा त्यांचा राग यायचा.

नव्वद मिनिटांत फॉरवर्डच्या, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारीच्या, पायाशी चेंडू मोजकाच वेळ असतो. उरलेला सगळा वेळ ती जागा शोधत, डिफेंडरला ओढून नेत, दुसरीसाठी वाट मोकळी करत असते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी लोक विचारतात ते एवढेच, की गोल किती झाले. भारताची फॉरवर्ड बाला देवी जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबमध्ये गेली, तेव्हा भारतात तिच्या नावावर ढिगाने गोल होते. तिथला पहिला गोल मात्र डिसेंबरात झाला. मधे महामारीने मैदाने बंद पडली हे खरे, पण ते महिने तिला परदेशात एकटीने काढावेच लागले. तुझ्याही वाट्याला असे कोरडे महिने येतील. त्या दिवसांत प्रत्येक चेंडू स्वतःच मारण्याचा हव्यास धरलास, तर पास देणाऱ्या मुली हळूहळू तुझ्याकडे बघायचे सोडतील, आणि ते नुकसान भरून यायला गोल न होण्यापेक्षाही जास्त दिवस लागतात.

आता गुडघा. एसीएल हा गुडघ्यातला बंध मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त वेळा तुटतो, आणि पुष्कळदा कोणी धक्का न देता, नुसते वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत झुकला की तुटतो. तेव्हा इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून खेळणाऱ्या बेथ मीड आणि व्हिव्हियान मिडेमा या दोघी फॉरवर्ड 2022 च्या अखेरीस एका महिन्याच्या अंतराने हाच बंध तुटून जायबंदी झाल्या आणि दोघींचाही 2023 चा विश्वचषक हुकला. माझ्या वेळी गुडघा सुजला तेव्हा "मुरगळलाय" असे सांगून मला तेल चोळून देण्यात आले आणि मी त्याच गुडघ्यावर पुढची स्पर्धा खेळले. अजूनही घाटीच्या पायऱ्या उतरताना मला कठडा धरावा लागतो. "फिफा 11 प्लस" नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, तो सरावाआधी कंटाळा न करता करत जा. अनवाणी वाळूवर पळून पोटऱ्या बळकट होतात, परंतु खुंट्यांचे बूट (स्टड) घालून टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, वळणे ही वेगळीच गोष्ट आहे, तिची सवय वेगळी करावी लागते.

आणि पोटाचे. महिलांची राष्ट्रीय लीग 2016-17 च्या हंगामात सुरू झाली. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3.2 लाख रुपयांचे करार करावेत असे ठरवले. आईला हा आकडा सांग, पण तो आपोआप हातात पडेल असे समजू नकोस; करार कागदावर घे, आणि दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार व त्या काळात पगार चालू राहणार का, या दोन ओळी त्यात आहेत ना ते बघूनच सही कर. एका संघाने मला प्रवासखर्चाचे तोंडी आश्वासन दिले होते. त्यातला एक रुपयाही आला नाही. बारावीनंतरचे शिक्षणही सोडू नकोस. बाला देवी मणिपूर पोलिसांत नोकरीला आहे, आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या अशा जागांना पदवीचा कागद असला तर आणखी दारे उघडतात.

ट्रायलला जा, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी येत्या रविवारी ओहोटी लागली की पास देणारी एक मैत्रीण घेऊन किनाऱ्यावर ये. मी तुमचा खेळ बघणार नाही. तुम्ही निघून गेलात की ठसे बघेन.

तुझी,
ताई